आयतं कालवण

चहा पिण्याआधी भैरू कपाचा वास घेई. हात धुवायचा तो कोपरापर्यंत, आधी राखेनं, मग मातीनं, मग पुन्हा राखेनं. कामाचा सदरा त्यानं कधी घरात आणला नाही. तो बाहेर शेवग्याला टांगलेला असे, भर पावसातही. कुणाच्या घरात शिरला की माणसांच्या आधी भिंतींकडं बघे. वाटेत मेलेला उंदीर, कावळा, बेडूक काहीही दिसलं की काटकीनं उलटून बघे, मगच पुढं जाई. बसायचा उकिडवा. मांडी घालून बसलेला तो कुणाला आठवत नाही. आणि कुठलीही गोष्ट सांगताना आधी ‘सायेब म्हनत्यात’ असं लावी. मिरचीवर रोग पडलाय, सायेब म्हनत्यात. औंदा पाऊस लांबणार, सायेब म्हनत्यात. ही एक सवय चौसष्ट सालच्या आषाढात सुटली. बाकीच्या शेवटपर्यंत राहिल्या.

कोळवणच्या खोऱ्यात त्याचं गाव. वाट्याला आलेली भाताची दोन खाचरं, एक म्हैस, चार कोंबड्या आणि बायको सारजाबाई. मूल नव्हतं.

तो लहान होता तेव्हा भाद्रपद आला की गावात घरोघर घोंगड्या हलायच्या. एका घरात तिघं हिवतापानं कुडकुडत पडलेली, आणि त्यांना पाणी देता देता चौथा लवंडलेला. भैरूचे दोन भाऊ त्यातच गेले. पुढं सरकारची फवारणीची माणसं आली. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. भिंतींवर डीडीटी मारत सुटली. पंप वाहायला त्यांना गडी हवा होता. भैरू वीस-बावीसचा होता, तो गेला. सहा वर्षं त्यानं पंप वाहिला. उरवड्यापासून मुठ्यापर्यंतचं एकेक घर त्याच्या पंपाखालून गेलं. बाया शिव्या घालायच्या, नुकती सारवलेली भिंत घाण केली म्हणून. फवारलेल्या घरांतली मांजरं मरायची, ती कुणी मोजली नाहीत. पण ताप गेला. खरोखरच गेला. ज्या भाद्रपदात माणूस उठून बसत नसे, त्या भाद्रपदात माणसं गवत कापायला जाऊ लागली. म्हाताऱ्या बाया भैरूच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायच्या.

म्हणजे भैरू भोळा होता असं कुणी म्हणू नये. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. डब्यातलं औषध माणसाच्या कामी येतं आणि साहेब लोक ते आपल्या भल्यासाठी आणतात, ही गोष्ट त्याच्या हाडात मुरली होती. ताप संपला तसं फवारणीचं काम संपलं. तेव्हा शेतीच्या साहेबांनी त्याला पिकांवर औषध मारायला ठेवून घेतलं. पंप तोच. सदराही तोच.

आता खेकड्यांचं सांगायला हवं.

खेकडा भाताचा वैरी. बांधाला भोक पाडतो, त्या भोकातनं पाणी निघून जातं, खाचर उघडं पडतं. कोवळं रोप बुडातनं कातरतो ते वेगळंच. त्यावर खोऱ्यात एक जुनी रीत होती. भाताची लावणी आटोपली की डोंगरकडेच्या वाड्यांतले कातकरी बांधाबांधानं फिरत. भोकात हात घालायचा, खेकडा काढायचा, आणि तेच भोक दगडमातीनं चेपून बुजवायचं. खेकडा धरणाऱ्याचा, भोक बुजवणंही धरणाऱ्याकडं. मालकाला विचारायचं नाही, मालकानं अडवायचं नाही. त्या दिवसांत कातकऱ्याच्या चुलीवर दुसरं काही नसे, त्यामुळं हे काम चोख व्हायचं.

गावात सगळ्यांत जास्त खाचरं हैबतरावांची. त्यांच्या बांधावर चिंधू कातकरी येई. काटकुळा माणूस. खांद्यापर्यंत हात भोकात घालायचा आणि डोळे मिटायचा. आत खेकडा आहे की साप, हे त्याला भोकाच्या तोंडच्या गाळावरून कळे. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. खेकड्यानं नेलं का, असं कुणी विचारलं की म्हणे, “न्हाई, बायकूनं.” त्याची बायको भिमाबाई टोपली घेऊन शेजारीच उभी असे. “टोपलीत पडलंय कुटंतरी,” ती म्हणे, “घावलं का देते.”

भैरूची आणि चिंधूची दोस्ती होती ती डोहावरची. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी आटून डोह तेवढे राहत. तेव्हा चिंधू रानातनं गेळाची फळं आणी. ती ठेचून डोहात टाकली की घटकाभरात मासे धुंद होऊन पांढरी पोटं वर करून तरंगू लागत. दोघं ते वेचत. पोट काढायचं, राख चोळायची, दोन पाण्यांनी धुवायचं आणि शिजवायचं. चिंधूच्या आज्यापणज्यापासून हे चाललं होतं. त्यानं कधी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं.

चौसष्टच्या आषाढात साहेब जीपमधून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. खेकडे मारायचं नवं औषध. डब्यावर कवटी होती आणि बारीक अक्षरांत पुष्कळ इंग्रजी होतं. साहेब तरुण होते, सभ्य होते, भैरूलाही अहोजाहो करायचे. हैबतरावांच्या खाचरांत त्यांनी प्रात्यक्षिक ठेवलं. गाव जमलं. साहेबांनी रबरी हातमोजे घातले, डबा उघडून दाखवला. मग त्यांना फोटो काढायचे होते, म्हणून औषध कालवायचं काम भैरूकडं आलं. हातमोज्यांची जोडी एकच होती. ती साहेबांनी काढून खिशात ठेवली.

भैरूनं परातीत शिजलेला भात घेतला, वर औषध ओतलं आणि हातानं कालवलं. रॉकेलसारखा वास, पण त्यात काहीतरी गोडसर. भाताचे गोळे करून त्यानं भोकाभोकांत सारले.

“मेल्यालं खेकडं काय करायचं, सायेब?” त्यानं विचारलं.

“पुरून टाकायचे. पत्रकात तसं आहे.”

“आता खेकड्यास्नी खड्डं खणाय मी गडी कुटनं आनू?” हैबतराव म्हणाले. “ऱ्हाऊ द्या तितंच. कातकरी हायेत की. आयतं कालवण त्यास्नी.”

साहेब हसले. गाव हसलं. भैरूही हसला.

पुढं तो म्हणायचा, तोंडात दुसरं काही गेलं तर थुंकता येतं. हे हसणं थुंकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधांवर खेकड्यांचा खच पडला होता. भोकांतनं बाहेर येऊन उताणे झालेले, तोंडाला फेस, काहींचे पाय अजून हलत होते. त्यांच्यात दोन बगळेही पडले होते. खाचराच्या पाण्यावर बेडकांची पिलं पांढरी होऊन तरंगत होती. साहेब खूश झाले. खेकडे गोळा करून त्यांनी ढीग करवला आणि शेजारी हैबतरावांना फेटा नीट करायला सांगून उभं केलं. फोटो निघाला. बगळे भैरूनं आधीच पायानं बाजूला सरकवले होते. तसं साहेबांनी सांगितलं होतं.

फोटो निघत होता तेव्हाच चिंधू आणि भिमाबाई आले. ढीग बघून चिंधूनं वाकून टोपली खाली ठेवली.

“माजं काम केलंत म्हना की,” तो म्हणाला. “गेळ घातलं का?”

“गेळ न्हाई. सायबाचं औषध हाय,” भैरू म्हणाला. “खाऊ नगं.”

“का?”

“इखारी हाय.”

“गेळ बी इखारीच की. मासं मरत्यात, आपुन मरतोय का? पोट काढलं, राखंनं धुतलं, सपलं.” चिंधूनं एक खेकडा उचलून उलटा केला. “का मालकानंच ठिवल्यात सोतासाठी? आँ? तसं असलं तर सांग. खेकडा धरनाऱ्याचा ही रीत हाय, का मोडली?”

गेळाचं आणि या डब्यातल्याचं अंतर काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो साहेबांकडं गेला. साहेब कॅमेरा पिशवीत घालत होते.

“सायेब, कातकरी इच्यारतोय, धुऊन खाल्लं तर चालंल का?”

साहेबांनी वर बघितलं नाही. “भाजीवर औषधं मारतातच की. लोक खातात ना? नीट धुवा म्हणावं.”

भैरू परत आला. त्यानं चिंधूला सांगितलं, “नीट धू, सायेब म्हनत्यात.”

भिमाबाईनं टोपली भरून घेतली. जाताना ती म्हणाली, “आज भोकं बुजवाय कुनी येनार न्हाई. खेकडं तुमी मारलं, भोकं तुमीच बुजवा.” सगळे पुन्हा हसले.

दुपार कलली तेव्हा ती धावत खाली आली. पदर सुटला होता. चिंधू आणि त्याची म्हातारी आई झटके देऊ लागली होती. भिमाबाई स्वतः उभी होती ती मागनं जेवायची म्हणून. घरातल्यांचं झाल्यावर बाईनं बसायचं, आणि ती बसायच्या आधीच म्हातारीच्या हातातली वाटी उडाली.

भैरू तिच्याबरोबर वाडीवर गेला. त्यानं जे पाहिलं ते तो सांगत नसे. एवढंच सांगे, की चिंधू कमानीसारखा वाकला होता, डोकं आणि टाचा जमिनीला आणि बाकी अंग अधांतरी. आणि सकाळी खेकड्यांच्या तोंडाला होता तसाच फेस त्याच्या तोंडाला होता. चुलीपाशी धुतलेल्या राखेचं पाणी होतं. त्यांनी खरंच नीट धुतले होते.

साहेबांची जीप अजून हैबतरावांच्या दारात होती. साहेब कोंबडीचं जेवण जेवून ओटीवर पान लावत बसले होते. भैरू धापा टाकत पायरीवर आला.

“सायेब, जीप द्या. चिंधू आन् त्याची आय झटकं देत्यात. दवाखान्यात न्याय पायजेत.”

साहेबांच्या हातातलं पान तिथंच राहिलं.

“किती खाल्ले त्यांनी?” ते म्हणाले.

काय खाल्लं, हे त्यांनी विचारलं नाही. काय झालं, हेही नाही. किती, हे विचारलं. भैरू त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. माणसाला सगळं आधीपासून ठाऊक असलं की तो असा प्रश्न विचारतो.

“सायेब, जीप.”

“गाडी सरकारी आहे, भैरू. आत ओकाऱ्या झाल्या तर... उद्या वरिष्ठ बसायचेत तीत. मी असं करतो, जाताना डॉक्टरांना निरोप देतो.” त्यांनी पान तोंडात घातलं. “तोवर मिठाचं पाणी पाजा.”

“बैलगाडी घेऊन जा माजी,” हैबतराव म्हणाले. “खाली गवत आंथर म्हंजी झालं. मागनं धुऊन आन.”

जीप गेली. भैरूनं गाडी जुंपली. वाडीवर पोचेतो म्हातारी संपली होती. चिंधूला गवतावर घातलं. प्रत्येक धक्क्याला त्याचं अंग ताठ होई. ओढा ओलांडताना गाडी कलली, भैरूनं मागं वळून बघितलं, तेव्हा भिमाबाई नवऱ्याच्या तोंडावरचा फेस पदरानं पुसत होती. दुसऱ्या काठाला लागेस्तोवर पुसत होती. मग तिनं पुसायचं थांबवलं.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले. दोन्ही प्रेतं पुरून झाली होती. डॉक्टरांबरोबर कारकून आणि दोन शिपाई. कागदावर आधीच लिहून आणलं होतं, पटकीसदृश जुलाब-उलट्या. जुलाब कुणालाच झाले नव्हते. पण मग पटकीचं सगळं साग्रसंगीत झालं. वाडीच्या झऱ्यात पांढरी पूड टाकली. रांगेत उभं करून सगळ्या कातकऱ्यांना सुया टोचल्या. भिमाबाईलाही टोचली. तिचा नवरा ज्यानं मेला ते विष हैबतरावांच्या गोठ्यात फळीवर होतं, आणि इकडं तिच्या दंडावर कापूस चोळून तिला न झालेल्या रोगापासून वाचवत होते. असली घाण कुठं पुरायची?

चावडीत साहेब आणि हैबतरावांसमोर भैरूचा जबाब घेतला. कारकुनानं वाचून दाखवलं, की सदर इसमास मेलेले खेकडे खाऊ नयेत अशी सक्त ताकीद मी दिली होती.

“आसं न्हाई,” भैरू म्हणाला. “म्या आदी म्हनलं खाऊ नगं. मग सायबास्नी इच्यारलं. सायेब म्हनलं धुऊन खा. म्या त्याला तसं सांगितलं. ते ल्हिवा.”

“आधीचं खरं आहे ना? मग तेवढं पुरे.”

“न्हाई पुरं. तो म्या सांगितल्यावर जेवलाय.”

“अरे येड्या,” हैबतराव म्हणाले, “तुज्याच गळ्याला लागंल की ते.”

“लागू दे. ल्हिवा.”

कारकुनानं लेखणी टोपणात घातली. साहेब सौम्य आवाजात म्हणाले, “भैरू, तुम्ही हिवताप आठवा. एक-दोन माणसांपायी असं औषध बंद पडलं, तर तोटा कुणाचा? चाळीस गावांत हे न्यायचंय.”

हिवतापाचं नाव या तोंडातनं ऐकून भैरू उठला. तो चावडीच्या मागं जाऊन ओकला, तोंड धुतलं आणि सही न करता घरी गेला. काम सुटलं. पंप शिपाई येऊन घेऊन गेला.

तो फोटो शेतीच्या एका मासिकात छापून आला. हैबतरावांनी काच लावून तो ओटीवर टांगला. ढीग, फेटा, खाली दोन ओळी कौतुकाच्या. एका कडेला टोपली घेऊन वाकलेली एक पाठ दिसते. ती चिंधूची आहे, हे बघणाऱ्याला कुणी सांगत नाही.

पुढच्या वर्षी ते डबे दुकानात मिळू लागले. लावणी झाली की जो तो भाताचे गोळे करू लागला. तेव्हा भैरू उठला आणि वाड्यावाड्यांवर जाऊन सांगू लागला, की बांधावर मेलेला खेकडा खाऊ नका, धुऊनही खाऊ नका.

कुणी ऐकेना. पहिल्याच वाडीवर देवू नावाचा म्हातारा दारात बसला होता. त्यानं भैरूला वरपासनं खालपर्यंत बघितलं.

“पंपवाला न्हवं तू?”

“व्हय.”

“मालक लोकांनी धाडलं का? रान न्हेलं, लाकूड न्हेलं. आता खेकडा बी त्यांचाच का?”

“आजोबा, चिंधू मेला खाऊन.”

“पटकीनं मेला. सरकारनं सुया टोचल्या की.”

भैरू परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डालीखालची कोंबडी काढून काखेत मारली.

“कुटं चालवलीस?” सारजाबाईनं विचारलं.

“मारायला.”

“अंड्यावरची हाय ती. लाज वाटती का?”

“लई वाटती,” भैरू म्हणाला, आणि गेला.

वाटेत त्यानं एका बांधावरनं मेलेला खेकडा उचलला. देवूच्या दारात बसून त्यानं त्याचं पोट काढलं, राखेनं चोळलं, दोन पाण्यांनी धुतलं, शिजवला, आणि निवल्यावर बारीक करून कोंबडीपुढं टाकला. वाडी गोळा झाली. कोंबडीनं ते भराभर टिपलं. पोरं हसली. घटका गेली. मग तिची मान वाकडी होऊ लागली, पंख आपटू लागले, आणि ती गोल गोल फिरत पडली. शेवटी एका म्हातारीनं विचारलं, “कोंबडी तरी खाता यील का रं?”

भैरूनं गुडघाभर खड्डा खणून कोंबडी पुरली आणि वर दगड ठेवले. त्याला स्वतःची किळस आली. पण त्या वाडीनं त्यानंतर बांधावरचा मेलेला खेकडा उचलला नाही.

मग तो हेच करत सुटला. दर वाडीमागं एक कोंबडी. घरच्या संपल्या तेव्हा सारजाबाईनं माहेराहून आणल्या. देताना तोंड फिरवायची, पण द्यायची. वाडीवर भिमाबाई त्याच्याबरोबर जाई. नुसती उभी राही.

मालक लोकांना हे रुचलं नाही. खेकडे उचलायला कातकरी येईनात. बांधांवर ते कुजू लागले, घोंगावणाऱ्या माश्यांनी खाचरात उभं राहवेना. आणि भोकं बुजवायला कुणी नाही म्हणून पाणी तर वाहतच होतं. हैबतरावांनी फिर्याद दिली, की हा इसम विष घेऊन हिंडतो आणि कोंबड्या मारतो. हवालदारानं भैरूला एक दिवस आणि एक रात्र चौकीत बसवून ठेवलं. खोऱ्यात त्या विषापायी पकडलेला माणूस तेवढा एकच.

सुटून आल्यावर, विषाचे खेकडे उघडेच साफ करणारे त्याचे हात थरथरू लागले. कप धरवत नसे, सारजाबाई बशी तोंडाला लावायची. तो वास घेऊन मगच पीत असे. तरी सहासष्टच्या पावसात तो दोन वाड्या फिरला. तिसऱ्या खेपेला कोंबडी काखेत मारून खिंडीनं मुठ्याच्या बाजूला निघाला. चढावर त्याला झटका आला. गुराख्यांनी झोळीत घालून घरी आणला. चार दिवस पडून होता. शुद्धीवर आला की वाड्यांची नावं घेई, कुठल्या झाल्या, कुठल्या राहिल्या. पाचव्या दिवशी गेला. वय अडतीसच्या आत-बाहेर. डॉक्टरला कुणी बोलावलं नाही, त्यामुळं कागदावर काही लिहायची वेळच आली नाही.

कोळवण खोऱ्यातल्या अकरा वाड्या त्याच्या फिरून झाल्या होत्या. मुठ्याच्या अंगाच्या चार राहिल्या.